काम चालू असताना डबी उपसली, तर रांगेतल्या रिक्वेस्टचं काय करायचं?

दाभोळखाडी | ८ जून, रात्री ९:१०

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहितो.

मी दाभोळला घरून काम करतो. आमची छोटी कंपनी मच्छीमार बोटींसाठी नोंदपेटी बनवते. जीपीएसचं ठिकाण, पाण्याची खोली, इंजिनाचं तापमान असं सगळं तिच्यात साठतं. पेटीत लिनक्स आहे आणि बाजूला काढता-घालता येणारी एक डिस्क आहे. तिला आम्ही डबी म्हणतो. बोट बंदराला लागली की तांडेल (बोटीचा प्रमुख) भरलेली डबी काढून देतो आणि रिकामी घालतो. डबीचा कंट्रोलर आमचा स्वतःचा, म्हणून तिचा ब्लॉक ड्रायव्हरही (लिनक्सला डिस्कशी बोलायला लावणारा प्रोग्राम) घरचाच. तो गेली तीन वर्षं मी सांभाळतोय.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णैकडच्या बोटी शाकारून ठेवल्यात आणि त्यांच्या पेट्या दुरुस्तीसाठी माझ्याकडे आल्यात. सध्या टेबलावर चार आहेत. वर्षभर फोनवर ऐकलेल्या तक्रारी आता हातात घेऊन बघता येतायत. बिघाड दोन आहेत.

पहिला जुना. लिहिणं चालू असताना डबी उपसली की बहुतेक वेळा काही होत नाही. लॉगमध्ये बफर आय-ओ एररच्या चार ओळी येतात आणि पेटी पुढे चालते. पण कधीतरी डबी काढल्यावर बरोबर पाच सेकंदांनी अख्खी पेटी कोलमडते. पाच सेकंद हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. आमच्या ड्रायव्हरने प्रत्येक रिक्वेस्टला, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या मागणीला, दिलेली मुदत तेवढीच आहे, आणि कोलमडताना स्क्रीनवर दिसणारा पत्ता मुदत संपल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधलाच असतो. म्हणजे मी ड्रायव्हरची मेमरी परत करून मोकळा झालो आणि पाच सेकंदांनी कुणीतरी जुन्या रिक्वेस्टची चौकशी करत त्याच मेमरीत शिरलं.

दुसरा बिघाड माझ्या दुरुस्तीतून आलाय. मी ठरवलं, आधी रांग थोपवू, हातातली कामं संपेपर्यंत थांबू आणि मगच मेमरी सोडू. म्हणून डबी गेल्यावर चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनच्या सुरुवातीला क्यू क्वाएस केली, म्हणजे रांग थोपवली, आणि खाली डेल जेनडिस्कला, म्हणजे कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) डिस्क काढून टाकणाऱ्या फंक्शनला, हाक मारली. आता पेटी कोलमडत नाही, पण कायमची अडकते. दोन मिनिटांनी लॉगमध्ये ‘टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकून’ अशा अर्थाची ओळ येते. नोंदी लिहिणारा प्रोसेस डी स्टेटमध्ये जातो, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत खिळतो, किल नऊ (सक्तीने बंद करायची आज्ञा) मारला तरी ढिम्म हलत नाही. वायर काढल्याशिवाय सुटका नाही.

तांडेलाने यात काहीही चूक केलेली नाही. डबी काढता येते असं त्याला आम्हीच सांगितलंय. कृपया मार्ग सुचवा.

---

आंबेमोहोर | ८ जून, रात्री १०:०२

आमच्याकडे असाच प्रकार होता. रिमूव्हमध्ये मेमरी सोडण्याआधी दहा सेकंदांचा स्लीप टाकला. मुदत पाच सेकंदांची असेल तर दहात सगळं निवळतं. दोन वर्षं काही त्रास नाही. क्वाएस वगैरे काढून टाका.

---

कातळशिल्प | ८ जून, रात्री ११:२५

आंबेमोहोर, हे मनापासून सांगतो, तो स्लीप काढा. दहा सेकंदांत निवळतं हे तुम्ही रिकाम्या मशीनवर पाहिलंय. मेमरी कमी पडली, दुसरी कुठली डिस्क रेंगाळली किंवा मुदत संपल्यावर ड्रायव्हरने रिक्वेस्ट पुन्हा रांगेत टाकली, की दहाचे पंधरा होतात. नुसतं थांबलात तर बिघाड दुर्मिळ होतो, जात नाही. आणि दुर्मिळ बिघाड सापडायला सगळ्यात कठीण. किती वेळ थांबायचं हे घड्याळावरून ठरवूच नये. मोजणी शून्यावर आली की थांबणं संपलं.

दाभोळखाडी, तुम्ही दाभोळचे, म्हणून धोपाव्याच्या फेरीबोटीवरूनच सांगतो. मी कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवतो, तेव्हाही हेच उदाहरण देतो.

फेरीबोट आज बंद करायची आहे असं समजा. गाड्या तीन ठिकाणी आहेत. काही अजून रस्त्यावर आहेत, तिकीट काढलेलं नाही. काही तिकीट काढून धक्क्याच्या उतारावर रांगेत उभ्या आहेत. काही बोटीवर चढून खाडीच्या मध्यावर आहेत. कर्नलमध्येही हेच तीन गट असतात. ब्लॉक लेयरच्या (कर्नलचा डिस्कची कामं बघणारा भाग) दाराशी येणाऱ्या नव्या रिक्वेस्ट, आत येऊन ड्रायव्हरकडे जायची वाट पाहणाऱ्या, आणि ड्रायव्हरने हार्डवेअरकडे सोपवलेल्या.

तुम्ही वापरलेलं क्वाएस फक्त उतार आणि बोट यांच्यामधला दांडा खाली पाडतं. त्या क्षणी ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये कुणी असेल तर ते बाहेर येईपर्यंत थांबतं, बास. उतारावरच्या गाड्या तिथेच राहतात. रस्त्यावरून नव्या येतच राहतात. बोटीवरच्यांची वाटही ते बघत नाही.

फ्रीझ ही वेगळी गोष्ट आहे. ती तिकीटखिडकी बंद करते आणि तिकीट काढलेली प्रत्येक गाडी पलीकडे उतरेपर्यंत थांबते. डेल जेनडिस्क आतून हेच करतं.

आता तुमची गाठ कुठे बसली ते बघा. आधी दांडा पाडलात आणि मग शेवटची गाडी उतरायची वाट बघत बसलात. उतारावरच्या गाड्या दांड्यामुळे हलत नाहीत, आणि त्या हलल्याशिवाय मोजणी शून्य होत नाही. पाच सेकंदांची मुदतही इथे कामाची नाही, कारण मुदतीचं घड्याळ रिक्वेस्ट ड्रायव्हरने सुरू केल्यावरच चालू होतं. उतारावरच्यांना घड्याळच नाही. त्या रात्रभर उभ्या राहतील.

---

रातांबा | ९ जून, सकाळी ७:४०

कातळसर, छान समजलं. मी तिसऱ्या वर्षाला आहे, शंका विचारतो. मग ड्रायव्हरने क्वाएस करूच नये का? आणि मेमरी जिवंत ठेवायला कर्नलमध्ये रेफरन्स काउंट असतोच ना? मग फ्रीझची ही दुसरी मोजणी कशाला?

---

कातळशिल्प | ९ जून, सकाळी ९:१५

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे, आधी ती घेतो. क्यूवर मोजण्या दोन असतात आणि त्यांची गल्लत झाली की दाभोळखाडींचा पहिला बिघाड होतो.

एक मोजणी सांगते, ‘ही वस्तू कुणीतरी हातात धरली आहे, तिची मेमरी सोडू नका.’ उघडलेली फाइल, सिसएफएसमधलं (कर्नल यंत्रांची माहिती फाइलरूपात दाखवतं ती जागा) पान वाचणारा प्रोसेस, असे धरणारे. डिस्क गेली तरी यांनी धरून ठेवायला हरकत नाही. एखादा प्रोग्राम मेलेल्या डिस्कची फाइल तासभर उघडी ठेवू शकतो.

दुसरी मोजणी सांगते, ‘या क्षणी इतक्या रिक्वेस्ट आत आहेत.’ लिनक्समध्ये तिचं नाव क्यू यूसेज काउंटर. आत शिरताना एक वाढते, पूर्ण झाली की एक कमी होते. डिस्क काढताना शून्यावर यायला हवी ती ही. पहिलीची वाट बघाल तर तो तासभर फाइल धरून बसलेला प्रोग्राम तुम्हाला अडकवेल. दुसरीची वाट न बघता मेमरी सोडाल तर पाच सेकंदांनी पेटी कोलमडेल.

ही दुसरी मोजणी परसीपीयू प्रकारची असते. प्रत्येक कोअर आपापला आकडा राखतो, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टला सगळ्या कोअरनी एकाच आकड्यासाठी झटापट करायची गरज नाही. फ्रीझ सुरू झालं की सगळे आकडे एका ठिकाणी आणून मग शून्याची वाट बघतात. एरवी जलद आणि शेवटी अचूक. जानेवारी २०१४ मध्ये लिनक्स ३.१३ सोबत ब्लॉक एमक्यू (अनेक रांगांचा ब्लॉक लेयर) आलं ते अनेक कोअर आणि वेगवान एसएसडी डोळ्यांसमोर ठेवूनच. जुनी एकाच कुलपाची रांग मार्च २०१९ मध्ये ५.० मध्ये काढून टाकली. नेटवर जुने ड्रायव्हर सापडतात, त्यांचा रिमूव्ह उचलून चिकटवू नका.

पहिल्या शंकेचं उत्तर: क्वाएस करायला हरकत नाही, पण मोजणीची वाट बघण्याआधी उठवलंच पाहिजे. क्रम महत्त्वाचा. दाभोळखाडी, तुमच्याकडे डबी काढण्याचे प्रकार दोन आहेत ना? बटण दाबून काढणं आणि सरळ उपसणं?

---

दाभोळखाडी | ९ जून, दुपारी १:३०

हो. पेटीवर बटण आहे. दाबलं की दिवा लुकलुकतो, विझला की काढायची. पण बंदरात घाई असते, हात ओले असतात, बर्फ उतरवायचा असतो. बटण कुणी दाबत नाही. दोन्ही वाटांना मी एकच रिमूव्ह फंक्शन जोडलंय.

---

कातळशिल्प | ९ जून, दुपारी ३:०५

मुळात घोळ तिथेच आहे. या दोन वाटांचा क्रम एकमेकांच्या उलटा असतो.

बटण दाबलं तेव्हा डबी जिवंत आहे. डेल जेनडिस्क सुरुवातीला मेमरीत साचलेला मजकूर डिस्कवर उतरवतं. तेव्हा ड्रायव्हरने सगळ्या रिक्वेस्ट नेहमीसारख्या घेतल्या पाहिजेत. त्याआधी क्वाएस केलंत तर तो मजकूर रांगेत तुंबतो. डबी मेली असं जाहीर केलंत तर जो मजकूर वाचला असता तो तुमच्या हाताने गेला. म्हणून आधी डेल जेनडिस्क, ते परत आलं की हार्डवेअर बंद.

उपसली तेव्हा डबी गेलेलीच आहे. उतरवायला जागाच नाही. इथे सगळ्यात आधी ब्लॉक लेयरला सांगायचं की डिस्क मेली, त्यासाठी ब्लॉक मार्क डिस्क डेड हे फंक्शन आहे. त्याने तिकीटखिडकी बंद होते आणि नव्यांना दारातच एरर मिळतो. मग ड्रायव्हरच्या खाजगी रचनेत एक खूण करायची की यापुढे माझ्याकडे आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला लगेच आय-ओ एरर. मग हार्डवेअरकडे सोपवलेल्या सगळ्या रिक्वेस्ट टॅगवरून (त्यांच्या क्रमांकावरून) एकेक शोधून एररसकट पूर्ण करायच्या. आणि मग दांडा उचलायचा, म्हणजे उतारावरच्या सगळ्या पुढे येतील आणि नकार घेऊन परत जातील. इतकं झाल्यावर डेल जेनडिस्क. आता ते अडकणार नाही, कारण आत कुणी उरलेलंच नाही.

दांडा उचलायचा हे मनाला पटत नाही हे मला माहीत आहे. डिस्कच नाही तर पुढे सोडायचं कशाला, असं वाटतं. पण नकार मिळाला की प्रोसेस मोकळा होतो, फाइल बंद करतो, मालकाला सांगतो. उत्तरच नाही मिळालं तर तो डी स्टेटमध्ये खिळतो आणि त्याच्यामागे त्याची वाट बघणारे सगळे. डिस्क कोडच्या परीक्षणात मी सगळ्यात आधी हेच तपासतो: आत आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला एकदा, आणि एकदाच, उत्तर मिळतंय का?

‘एकदाच’वर जोर आहे. मुदत संपवणारं फंक्शन आणि हार्डवेअरचा इंटरप्ट (काम झाल्याचा इशारा) एकाच वेळी एकाच रिक्वेस्टवर पोचू शकतात. उपसताना तर तुमचं रद्द करणारं फंक्शन तिसरं. पूर्ण करण्याआधी रिक्वेस्टची अवस्था एकाच अविभाज्य सूचनेने बदला. ज्याला बदलता आली त्याने पूर्ण करायची, बाकीच्यांनी हात काढायचा.

आणि खाजगी रचनेची मेमरी रिमूव्हमध्ये सोडूच नका. जेनडिस्कला (कर्नलमधली डिस्कची नोंद) फ्री डिस्क नावाचा कॉलबॅक आहे. शेवटच्या माणसाने फाइल बंद केली की तो चालतो. मेमरी तिथे सोडा. पहिली मोजणी त्याचीच.

---

आंबोळी | ९ जून, रात्री ८:५०

सुंदर चर्चा. मी चिपळूणचा, दहा वर्षं विंडोजचे ड्रायव्हर लिहितोय. तिकडे हा फरक नावातच केलेला आहे, म्हणून जोड देतो.

विंडोजमध्ये बटणाच्या वाटेवर आधी ‘काढू का?’ असा क्वेरी रिमूव्ह येतो. फाइल उघडी असेल तर त्याला नाही म्हणता येतं. पेनड्राइव्ह काढताना ‘डिव्हाइस वापरात आहे’ असं दिसतं ते यामुळेच. उपसलं तर सरप्राइझ रिमूव्हल येतं, त्याला नाही म्हणायची सोय नाही. त्यात ड्रायव्हरने हार्डवेअरला हात लावणं थांबवायचं आणि हातातल्या सगळ्या रिक्वेस्ट एररने परत करायच्या. खरा रिमूव्ह त्यानंतर, शेवटची उघडी फाइल बंद झाल्यावरच येतो. कातळशिल्पांच्या दोन मोजण्या इथे दोन वेगळे निरोप म्हणून येतात.

मधल्या मोजणीला रिमूव्ह लॉक आहे. प्रत्येक रिक्वेस्ट आत घेताना धरायचा, पूर्ण झाल्यावर सोडायचा, आणि रिमूव्हमध्ये ‘सोड आणि बाकीच्यांसाठी थांब’ ही हाक मारायची. एका एरर वाटेवर लॉक सोडायला विसरलो की यंत्र काढताना सगळं अडकतं. मी पाहिलेले बहुतेक बिघाड अशाच विसरलेल्या सोडण्यामुळे झालेले. दाभोळखाडी, तुमच्या कोडमध्येही लवकर परतणाऱ्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघा.

---

सुरंगी | १० जून, सकाळी ११:२०

माझो मालवणात फोटो स्टुडिओ आसा. तुमचा सगळा माका कळूक नाय, पण शिमग्यातल्या पालखीचा चित्रीकरण गेला ता ह्याच कारणान गेला काय, ह्या विचारूक लिवतंय.

कार्डावरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. पट्टी शंभर टक्के झाली, खिडकी बंद झाली, मी वायर काढली. घरी जाऊन बघितलं तर शेवटचे तीन व्हिडिओ उघडेनात. नावं होती, आकारही बरोबर. कार्ड तोवर दुसऱ्या कामाला पुसलेलं. त्या घरच्यांना मी काय तोंडाने सांगितलं असेल ते माझं मला माहीत. पट्टी शंभर दाखवते तेव्हा कॉपी झालेली नसते काय?

---

दाभोळखाडी | १० जून, दुपारी १२:१०

सुरंगीताई, वाचून वाईट वाटलं. लिनक्सवर काम करत असाल तर हो, नसते. पट्टी सांगते की मजकूर मेमरीत घेतला. डिस्कवर उतरवणं मागून चालू असतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते काम करणारा दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुना मजकूर उतरवायला घेतो. त्याहून आधी उतरवायचं तेव्हाच, जेव्हा साचलेला मजकूर मोकळ्या मेमरीच्या १० टक्क्यांवर जातो. जास्त मेमरीचं मशीन आणि हळू डिस्क असेल तर पट्टी संपल्यावर मिनिटभर सहज जातं. नाव आणि आकार आधी लिहिले गेले असतील, आतला मजकूर रांगेतच राहिला. तुम्ही वर्णन केलंय तसंच दिसतं.

वायर काढण्याआधी ‘सुरक्षितपणे काढा’ दाबा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. आणि कार्ड पुसण्याआधी डिस्क एकदा काढून, पुन्हा लावून, शेवटची फाइल उघडून बघा. लगेच उघडलीत तर ती मेमरीतूनच दिसते आणि खोटी खात्री होते.

---

आंबोळी | १० जून, दुपारी १२:४५

विंडोज असेल तर थोडं वेगळं. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला ‘क्विक रिमूव्हल’ हे नेहमीचं सेटिंग झालं, त्यात मजकूर साचवून ठेवत नाहीत. पण डिस्कच्या गुणधर्मांत ‘बेटर परफॉर्मन्स’ कुणी निवडलेलं असेल तर तेच संकट. ताई, एकदा तपासून घ्या.

---

सुरंगी | १० जून, दुपारी २:३०

‘बेटर परफॉर्मन्स’च होतं. डिस्क जलद चालावी म्हणून भाच्याने करून दिलेलं. बदललं. देव बरे करो तुमचा.

---

गलबत | १० जून, सायंकाळी ६:४०

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, सॉफ्टवेअरमधलं फारसं कळत नाही, पण चाळीस वर्षं बंदरावर वायरलेस आणि जीपीएस दुरुस्त केलेत. दाभोळखाडी, तुमच्या डबीचे पिन भिंगाखाली बघितलेत का? खाऱ्या हवेत पितळेवर हिरवट थर चढतो. मुलामा पातळ असेल तर दोन हंगामांत टिकल्या पडतात. मग इंजिनाच्या हादऱ्याने क्षणभर जोड सुटतो आणि परत लागतो. तुम्हाला वाटतं तांडेलाने डबी काढली, त्याने हातही लावलेला नसतो.

---

दाभोळखाडी | ११ जून, रात्री १०:१५

गलबतकाका, तुमचे आभार कसे मानू. आज चारही पेट्यांच्या डब्या भिंगाखाली धरल्या. दोघींच्या पॉवरच्या पिनांवर हिरवट टिकल्या आहेत, आणि एकीच्या कडेला मुलामा उडून तांबूस धातू दिसतोय. त्याच पेटीच्या मालकाने शपथेवर सांगितलं होतं की भर समुद्रात पेटी बंद पडली आणि डबी कुणी काढली नव्हती. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता. उद्या फोन करून त्याची माफी मागणार आहे.

त्यातून कोडमधलीही एक गोष्ट दिसली. जोड क्षणभर सुटून परत लागतो, तेव्हा डबी रिकाम्या हाताने परत येत नाही. कंट्रोलरच्या मते जुनी कामं चालूच असतात. मी कातळशिल्पांच्या क्रमाने सगळ्या रिक्वेस्ट रद्द केल्या, मेमरीची पानं मोकळी झाली, कर्नलने ती दुसऱ्या कुणाला दिली, आणि जागा झालेल्या कंट्रोलरने जुन्या वाचनाचा मजकूर त्याच पानांत ओतला. आज संध्याकाळी हे प्रत्यक्ष घडलं. नोंदींच्या फाइलमध्ये मधेच खोलीच्या जुन्या वाचनाचे आकडे. कोलमडणं नाही, एरर नाही. गुपचूप खराब मजकूर. मला तरी हे सगळ्यात भयंकर वाटतं.

---

कातळशिल्प | ११ जून, रात्री ११:५०

माझ्या सांगण्यात ही पायरी राहिली, ती माझी चूक. आधी तुमचं यंत्र थेट मेमरीत लिहायचं थांबलं पाहिजे, मगच रिक्वेस्टला उत्तर द्यायचं. रिक्वेस्ट पूर्ण झाली म्हणजे पानांवरचा हक्क सोडला. म्हणून रद्द करण्याआधी कंट्रोलर रीसेट करा किंवा त्याचा मेमरीत लिहिण्याचा हक्क बसवर (कंट्रोलर आणि मेमरी जोडणारा मार्ग) काढून घ्या, आणि काढल्याची खात्री करा. पीसीआय एक्सप्रेस असेल तर उपसलेल्या यंत्राचं रजिस्टर वाचलं की सगळे एक येतात, त्यावरून गेलंय का हे कळतं. पण तुमच्यासारखं ये-जा करणारं यंत्र असेल तर त्या एका वाचनावर विसंबू नका. वाचल्याच्या पुढच्या क्षणी ते परत येऊ शकतं.

आणि परत आलेली डबी जुन्या जेनडिस्कला कधीच जोडू नका. जुनी मेली, नवी जन्मली. परत आलेली तीच आहे की दुसरी घातली, हे ड्रायव्हरला सांगता येत नाही. फाइल सिस्टिमला जुनी समजून नव्यावर लिहू दिलंत तर दोन्ही गेल्या.

चाचणीसाठी तांडेलाचा हात हवा असं नाही. एससीएसआय डीबग मॉड्यूल मेमरीतच खोटी डिस्क बनवतं. तिच्यावर लिहिणं चालू ठेवून सिसएफएसमधल्या डिलीट फाइलमध्ये एक लिहायचा, पुन्हा जोडायची, पुन्हा काढायची. ब्लॉकटेस्ट्स या ब्लॉक लेयरच्या चाचणीसंचातली पहिलीच चाचणी अशी जोड-काढीची आहे, ती वाचा आणि तुमच्या ड्रायव्हरसाठी तशीच लिहा. कर्नल केएसॅन (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) चालू करून बांधा. मोकळ्या केलेल्या मेमरीला हात लागला की पाच सेकंदांनी अंदाज बांधत बसावं लागत नाही, तिथल्या तिथे ओळ दिसते.

---

रातांबा | १२ जून, सकाळी ८:०५

अवांतर वाटेल, पण ज्या प्रोग्रामला नकार मिळाला त्याने काय करायचं? एरर आला की परत लिहायचा प्रयत्न करायचा ना?

---

कातळशिल्प | १२ जून, सकाळी १०:४०

अवांतर अजिबात नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या लोकांना हेच लक्षात आलं. एफसिंक (मजकूर डिस्कवर उतरवून सांग, ही कर्नलला हाक) फसला, त्यांनी पुन्हा एफसिंक केला, दुसऱ्यांदा ‘झालं’ असं उत्तर आलं. पण मधल्या वेळात कर्नलने न उतरलेली पानं स्वच्छ मानलेली होती. मजकूर डिस्कवर नव्हताच. त्यांनी २०१९ मध्ये धोरण बदललं: एफसिंक फसला की सर्व्हर मुद्दाम थांबतो आणि सुरू होताना लॉगवरून सगळं पुन्हा लिहितो.

तुमच्या पेटीतल्या प्रोग्रामनेही तेच करावं. एफसिंकचा एरर आला की त्या फाइलवर पुन्हा भरवसा ठेवायचा नाही. शेवटचा यशस्वी एफसिंक कुठवर झाला ते लक्षात ठेवून तिथून पुढचं नव्या डबीवर लिहायचं. नोंदींची छोटी प्रत पेटीच्या आतल्या मेमरीत ठेवता येईल का बघा.

---

दाभोळखाडी | १९ जून, रात्री ९:३५

आठवडाभर पाऊस कोसळतोय. दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टरवर काम केलं. पण आता सांगण्यासारखं आहे.

रिमूव्हचे दोन तुकडे केले. बटणाच्या वाटेवर आधी डेल जेनडिस्क, मग कंट्रोलर बंद. उपसण्याच्या वाटेवर आधी डिस्क मेल्याचं जाहीर, मग बसवर हक्क काढून रीसेट, मग सोपवलेल्या रिक्वेस्ट एररने पूर्ण, मग दांडा वर, मग डेल जेनडिस्क. मेमरी फ्री डिस्कमध्ये. आंबोळींनी सांगितल्याप्रमाणे लवकर परतणाऱ्या ओळी तपासल्या. एका ठिकाणी रिक्वेस्ट सुरू करून एररवर पूर्ण न करताच परत येत होतो. मुदत संपली की ती आपोआप निकालात निघायची, म्हणून तीन वर्षं कळलं नव्हतं.

केएसॅनने पहिल्याच रात्री आणखी एक पकडलं. डबी काढल्यावर तापमान वाचणारा टायमर चालूच राहायचा आणि मोकळ्या रचनेत डोकवायचा. त्याचा रांगेशी काही संबंधच नाही, म्हणून माझं लक्ष कधी गेलंच नव्हतं. आता रिमूव्हमध्ये तो थांबवून, चालू फेरी संपेपर्यंत वाट बघून मगच पुढे जातो.

काल एका डबीच्या पॉवर पिनवर छोटा रिले लावला आणि लिहिणं चालू असताना रात्रभर जोड-काढ केली. सकाळी सहाला उठून बघितलं तर पेटी चालू होती. लॉगमध्ये फक्त एररच्या ओळी. डी स्टेटमध्ये कुणी नाही. जुनी वाचनं कुठल्याच फाइलमध्ये शिरलेली नाहीत, प्रत्येक नोंदीला क्रमांक आणि चेकसम (मजकूर बदललाय का ते सांगणारा आकडा) जोडून तपासलं.

गलबतकाका, पिनांवर जाड सोन्याचा मुलामा देणाऱ्यांकडे चौकशी केली आहे. तोवर चारही डब्यांचे पिन साफ करून रबरी झाकणं बसवतोय.

त्या मालकाशी बोललो. रागावला नाही. म्हणाला, ऑगस्टात पहिल्या फेरीला पेटी लावायला तूच ये, आणि दिवा कधी विझतो ते खलाश्यांना तूच दाखव. दिव्याचं कोडही बदललंय. पूर्वी तो बटण दाबल्यावर तीन सेकंदांनी विझायचा, घड्याळावर. आता डेल जेनडिस्क परत आल्यावरच विझतो.